खाडाखोड

मे महिन्यात ग्वाल्हेरला
कॉम्प्युटरसुद्धा दुपारचं काम करत नाही.
बाराच्या सुमारास त्याचा पंखा
पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो,
मग एक लांब बीप, थांबून पुन्हा लांब,
आणि पडदा काळा.
आतून कुमुद म्हणते, त्यालाही ताक द्या थोडं.

मला हसू येत नाही.
तो माझ्यामुळे आजारी पडला असं मला वाटतं.
फेब्रुवारीत एका रविवारी
पडद्यावर लाल चौकट आली,
चौकटीत नंबर,
नंबरावर एक फार मऊ बोलणारा माणूस:
सर, आपके कम्प्यूटर में सात वायरस हैं.
सात.
नेमका आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसतो,
छत्तीस वर्षं एजी ऑफिसात काढल्याचा रोग.

तो सांगेल ते ते दाबत गेलो.
बाण आपोआप फिरायला लागला,
माझ्यादेखत कुणी माझ्याच खणात हात घालून
चाचपावं तसा.
मी चष्मा पुसला.
फोन ठेवताना चक्क थँक्यू म्हणालो.

अठरा हजार तीनशे चाळीस.

मुरैन्याला एकदा सिमेंटच्या हिशेबात
एका गोणीचा फरक पकडला होता मी.
तिथल्या इंजिनिअरनं दिवसभर पाणी विचारलं नाही.
आणि त्या रविवारी रात्री घरच्या वहीत लिहिलं:
गच्ची, वॉटरप्रूफिंग, मजुरीसह.
अक्षर जरासुद्धा हललं नाही.

कुमुद दर महिन्याला वही बघते.
त्याच गच्चीवर तिनं साबुदाण्याच्या पापड्या वाळवल्या,
गच्चीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आज फालका बाजारातून दीपेश कुशवाह आला,
पाठीवर सॅक, मानेला ओला गमछा.
पेटी उघडली.
आत आमच्या सगळ्या उन्हाळ्यांची धूळ,
आणि पालीचं अंडं, वाटाण्याएवढं, फुटलेलं.
किराएदार रख लिए, अंकल जी?
त्यानं ब्रश फिरवला,
एक हिरवी पट्टी उपसून उजेडाकडे धरली
आणि विचारलं, रबर होगा?

रबर.
आमच्याकडे ज्याच्या टेबलावर रबर दिसे
त्याच्या फायली आम्ही दोनदा तपासायचो.
आकडा चुकला तर एक रेघ, सरळ,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी खरा आकडा, सही, तारीख.
चूक पुसायची नसते.
माझ्या घरात रबर कुठून असणार?

कुमुदनं शिवणाच्या डब्यातून आणून दिलं.
अर्धं झिजलेलं, एका टोकाला शिसानं काळं.
ती त्यानं काय पुसते
हे मी कधी विचारलेलं नाही.

दीपेशनं पट्टीचे सोनेरी दात घासले,
हळूहळू, लहान मुलाला मंजन लावावं तसे,
फुंकर मारली, खटकन बसवली.
एकच छोटी बीप.
खोलीत निळा उजेड.

मग तो थांबला.
कोपऱ्यातल्या एका चित्रावर त्यानं बाण नेला.
यह आपने डाला है?
दारात कुमुद, हातात ताकाचा पेला.
मी बोललो नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं,
ते काढून टाकलं, मशीन पुन्हा चालू केलं,
बराच वेळ काहीतरी तपासत बसला.
पासवर्ड बदल लीजिए, बैंक वाला सबसे पहले.
आणि बिलावर लिहिलं: सफाई, साडेतीनशे.
फक्त सफाई.

तो गेल्यावर वही काढली, लाल पेन काढलं.
गच्चीवर रेघ मारली, सरळ,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी लिहिलं: फसलो.
सही. तारीख.

कुमुदनं वही ओढून घेतली,
बोट आकड्यावरून सावकाश नेलं.
रक्कम बरोबर आहे, म्हणाली,
मार्चमध्येच बँकेत जाऊन बघून आले मी.

पंखा अजून घरघरतोच आहे.
तिनं उरलेलं ताक आणून दिलं मला.
मीठ जरा जास्तच होतं.